पावसाळा आला की ओट्यावरची एलईडी स्ट्रिप लुकलुकते? नवीन घेण्याआधी हे तपासा

जून उजाडला की मला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. कपाटाखालची लाईट लुकलुकते, अर्धीच पेटते, नाहीतर पेटते आणि दोन मिनिटांनी जाते, आणि प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं, "गेल्या वर्षीच नवीन स्ट्रिप घातली होती हो". मी मॉड्युलर किचनच्या फिटिंगची कामं करतो, गोव्यात, बार्देस-पेडण्यात जास्त, फोंड्याकडे कधीमधी, आणि माझा अनुभव असा की दर वर्षी स्ट्रिप बदलणाऱ्यांची स्ट्रिप बहुतेक वेळा चांगलीच असते, बिघाड असतो जोडात, वायरीत किंवा त्या ड्रायव्हरमध्ये (२३० व्होल्टचे १२ किंवा २४ करणारी डबी), आणि ते तिन्ही जुनेच ठेवून नवीन स्ट्रिप चिकटवली की ती चार महिने चालते आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. म्हणून दुकानात जायच्या आधी अर्धा तास काढून खाली लिहिलंय ते बघून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही टाळू नका. तुमच्या कपाटाखाली जी आहे ती खरंच लो व्होल्टेज स्ट्रिप आहे का? चवथीच्या मखराला किंवा नाताळच्या गोठ्याला आणलेली, मीटरवर मिळणारी जाड प्लास्टिकच्या आवरणातली पट्टी उरली म्हणून किचनमध्ये लावलेली मी कितीतरी घरांत बघितली आहे. ती १२ व्होल्टची नसते, ती थेट २३० व्होल्टवर चालते. ओळखायची कशी तर तिच्या प्लगला फक्त एक छोटी काळी डबी असते, तिच्यावर १२ किंवा २४ व्होल्ट असं कुठेच छापलेलं नसतं, आणि कापायची खूण अर्ध्या किंवा एक मीटरवर येते. खऱ्या १२ व्होल्टच्या स्ट्रिपला दर तीन एलईडीनंतर कापायची रेघ असते, शेजारी तांब्याचे छोटे ठिपके आणि प्लस-मायनस लिहिलेलं. ती २३० वाली सजावटीची पट्टी ओल्या हाताने भांडी उचलतो तिथे, सिंकच्या वर, कापलेलं टोक उघडं ठेवून लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. सापडली तर दुरुस्त करत बसू नका, काढून टाका.

आता लो व्होल्टेज असेल तर. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण ड्रायव्हरच्या अलीकडे २३० व्होल्टच असतात, त्यामुळे हात लावायच्या आधी किचनचा एमसीबी (मेन बोर्डातली आपोआप पडणारी कळ) खाली करा, नुसतं बोर्डवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि बटण बंद असलं तरी फेज आत आलेलाच असतो. टेस्टर लावून खात्री करा. २३० च्या बाजूला नवीन पॉइंट काढायचा असेल, वायर वाढवायची असेल तर लायसन्सवाला वायरमन बोलवा, ते घरच्या घरी करायचं काम नाही. १२ व्होल्टची बाजू मात्र कुणीही तपासू शकतो, त्याला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

बिघाड कुठला हे लाईट कशी वागते त्यावरूनच बरंचसं कळतं. पूर्ण स्ट्रिप एका ठेक्यात पेटते-विझते, पेटते-विझते, असं असेल तर तो ड्रायव्हर आहे, त्याच्यावर लोड जास्त झालाय किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो स्वतःला वाचवायला बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा प्रयत्न करतोय. मध्येच कुठेतरी फक्त तीन एलईडी मेले असतील, आधीचे आणि नंतरचे पेटतायत, तर त्या तिघांतला एखादा खराब झाला, तेवढाच तुकडा कापून बदलता येतो. एका जागेपासून पुढचं सगळंच मेलं असेल तर त्या जागेवरचा जोड बघा, बहुतेक तिथेच सापडेल. सुरुवातीला छान उजेड आणि शेवटाला मंद, तर वायर बारीक आहे किंवा एकाच टोकाने फार लांब स्ट्रिप चालवलीय. आणि फ्रीज किंवा मिक्सर चालू झाला की लुकलुकते असं असेल तर स्ट्रिपकडे बघूच नका, घरातले बाकीचे दिवे त्याच वेळी कमी-जास्त होतात का ते बघा. होत असतील तर कुठेतरी न्यूट्रल सैल आहे, बोर्डात, मीटरपाशी किंवा खांबावर. थ्री फेज कनेक्शन असेल आणि न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं आणि टीव्ही-फ्रीज सगळं एका झटक्यात जातं, तेव्हा मेन बंद करून आधी वायरमनला किंवा वीज खात्याला कळवा, स्ट्रिपचं नंतर बघू.

आता जोड. मोरजीला एका मावशींकडे गेलो होतो, समुद्रापासून घर हाकेच्या अंतरावर. "अरे पुता, तिसरी पट्टी ही, हीपण नाचायला लागली," म्हणाल्या. कपाटाखाली टॉर्च मारली तर एल आकाराच्या कोपऱ्यात पांढरी प्लास्टिकची क्लिप, तीच ती, सोल्डर न करता दोन तुकडे जोडायची. क्लिप उघडली तर आत तांब्याच्या ठिपक्यांवर हिरवी खपली आणि क्लिपच्या दातांवर काळपट थर, जरा नखाने खरवडलं तर एक ठिपका स्ट्रिपवरून सुटूनच आला. स्ट्रिप बाकी ठणठणीत होती, दोन्ही तुकडे वेगवेगळे ड्रायव्हरला लावले तर लख्ख पेटले. जुनं टोक तीन एलईडी मागे कापलं, ताज्या ठिपक्यावर वायर सोल्डर केली, झालं काम.

किनाऱ्याकडच्या घरांत हवेत मीठ असतं आणि जुलैत सगळ्या गोव्यातच हवेचा ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात जातो, त्यात खाली भाताची वाफ आणि तळणाचं तेल. क्लिप फक्त दाबाने टेकलेली असते, तिच्या फटीत हा ओलावा बसतो, वरून डीसी करंट सतत एकाच दिशेने वाहतो, मग तांबं फार लवकर खाल्लं जातं. म्हणून माझं साधं म्हणणं, हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये क्लिपा लावायच्या तर लावा, किचनमध्ये नको. सोल्डरच करा, तोही रोझिन फ्लक्सवाल्या तारेने, पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स वापरलंत तर तेच मागाहून जोड खाईल. सोल्डर झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. मेणबत्तीने नाही हो, हॉट एअर गनने, नसेल तर लायटर लांबून फिरवा.

आणि सिलिकॉन! ही चूक तर मिस्त्रीसुद्धा करतात. वॉटरप्रूफ स्ट्रिप कापली की तिचं टोक उघडं पडतं, मग बेसिनला लावतात ते सिलिकॉन उरलेलं असतं ते तिथे भरतात. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते खरंच ॲसेटिक ॲसिड असतं, सुकताना बाहेर पडतं आणि बंद जागेत तांब्यावर बसून त्याला खातं. वरून सीलबंद दिसतं आणि आत हिरवं होत जातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं सिलिकॉन मागा, त्याला तो वास नसतो. दुकानदार म्हणेल सगळं सारखंच, त्याचं ऐकू नका, ट्यूबवरचं वाचा.

मंद उजेडाची तक्रार असेल तर जरा गणित समजून घ्या, सोपं आहे. १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ असतात आणि त्या तिघांनाच नऊ व्होल्टच्या आसपास लागतात, वरचे तीन व्होल्ट रेझिस्टरवर जातात. म्हणजे तुमच्या वायरीत दीड व्होल्ट जरी वाटेतच पडले तरी उजेड निम्म्यावर येतो. आता समजा ड्रायव्हर पाच मीटर लांब ठेवलाय आणि स्पीकरला लावतात ती बारीक लाल-काळी वायर ओढलीय, तीन अँपिअरची स्ट्रिप आहे, तर तेवढे दीड व्होल्ट वायरच खाते, शिवाय गरमही होते. त्याच जागी १ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपासच पडतो. लोक म्हणतात लो व्होल्टेज आहे, कुठलीही वायर चालेल, उलट आहे ते, व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट जास्त. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास लागतो, १२ व्होल्टवर पाच अँपिअर. कपाटाच्या मागे प्लायला चिकटून बारीक वायर तापत राहिली तर आग लागायला १२ व्होल्ट पुरतात.

मोजायचं कसं, तर स्ट्रिप चालू ठेवून मल्टिमीटर डीसी २० वर, आधी ड्रायव्हरच्या टोकाला, मग स्ट्रिपच्या सुरुवातीला, मग शेवटाला. ड्रायव्हरपाशी १२ आणि स्ट्रिपच्या सुरुवातीला साडेदहा तर वायर किंवा जोड. सुरुवातीला १२ आणि शेवटाला कमी तर स्ट्रिपला दुसऱ्या टोकाकडूनही वायर द्या, नाहीतर नवीन काम असेल तर सरळ २४ व्होल्टची घ्या, करंट निम्मा होतो. ड्रायव्हरपाशीच स्ट्रिप सोडवल्यावर १२ आणि जोडल्यावर ८-९ असं दाखवलं तर ड्रायव्हर थकला किंवा लहान पडतोय. खात्री करायला अजून एक जुगाड, वायफाय राउटरचा अडॅप्टर, वर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेला असेल तर, एक मीटरच्या तुकड्याला जोडून बघा. नीट पेटला तर स्ट्रिप निर्दोष, दोष ड्रायव्हरचा. ९ व्होल्टचाही राउटर अडॅप्टर असतो, तो लावून स्ट्रिप मेली असं ठरवू नका.

ड्रायव्हर घेताना स्ट्रिपचे वॅट प्रति मीटर बघा. समजा ९.६ वॅटची स्ट्रिप, ओटा सव्वातीन मीटर, झाले ३१ वॅट, त्यावर पाव हिस्सा जास्त धरा म्हणजे ३९, तर ४० चा चालेल पण मी ६० चाच घालतो, इथली गरमी बघता थंड राहतो आणि टिकतो. नाव नसलेल्या ड्रायव्हरवर लिहिलेले ६० वॅट खरे असतीलच असं नाही. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आणि आयएस १५८८५ छापलेलं बघून घ्या. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर डबल इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही. भोकांच्या पत्र्याचा, उघड्या स्क्रूंचा एसएमपीएस (तोही ड्रायव्हरच) असेल तर अर्थिंग जोडलंच पाहिजे, आणि खरं सांगू का, तो प्रकार किचनमध्ये मला मुळीच आवडत नाही. त्या भोकांतून वाफ जाते, तेलाचा चिकट थर बसतो, आणि पावसाळ्यात मुंग्या उबेला म्हणून आत जाऊन घर करतात. डिचोलीला एक उघडला होता, आत मुंग्यांची अंडी आणि एक भाजलेलं पालीचं पिल्लू, दोन टर्मिनलांच्या बरोबर मध्ये. बंद डब्याचा, आयपी ६७ (म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही) लिहिलेला ड्रायव्हर थोडा महाग मिळतो, तोच घ्या.

तो ठेवायचा कुठे? चिमणीच्या वर नाही, ही सगळ्यांची आवडती जागा आहे कारण तिथे दिसत नाही, पण तिथेच सगळ्यात जास्त गरम होतं. सिंकखाली तर अजिबात नाही, आणि सिलिंडरच्या कपाटात त्याहून नाही, एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खालीच साचतो. वरच्या कपाटाच्या आत, कोरड्या बाजूला, दोन बाजूंनी हवा लागेल असा, आणि हात पोचेल असा. भिंतीला टेकवून ठेवू नका, जुन्या चिऱ्याच्या घरांत पावसात भिंत आतून पाझरते, मध्ये पट्टी ठोकून अंतर ठेवा. स्ट्रिपपासून ड्रायव्हरकडे वर जाणारी वायर आधी जराशी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या वळणावरून खाली टपकतं, आत शिरत नाही.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणाऱ्या मेन बोर्डातल्या स्विचबद्दल, एक बोलतोच. पावसात तो सारखा पडतो म्हणून बायपास करून ठेवलेली घरं आहेत, कोणीतरी येऊन "तात्पुरतं" करून देतो आणि ते तसंच राहतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतोय याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय, ओल्या भिंतीत, गिझरमध्ये किंवा तुमच्या त्या उघड्या ड्रायव्हरमध्ये. एकेक सर्किट बंद करत शोधा. आणि त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, नाही पडला तर तो शोभेचा आहे.

स्ट्रिप गळून पडते ही दुसरी नेहमीची तक्रार. तिच्या मागची चिकटपट्टी तेलकट प्लायवर टिकणारच नाही, कितीही चांगली असू दे. जागा आधी साबणाच्या फडक्याने, मग अल्कोहोलने पुसा, पण खरा उपाय ॲल्युमिनियम प्रोफाइलच, म्हणजे स्ट्रिप आत बसते ती लांब पन्हळ. प्रोफाइल स्क्रूने बसवायचं, कपाटाचा तळ बहुतेक १८ मिलिमीटरचा असतो तेव्हा स्क्रू १२ चे, नाहीतर आत डब्यांच्या बुडाला टोकं लागतील. स्ट्रिपची उष्णता ॲल्युमिनियम ओढून घेतं, एलईडी जास्त वर्षं जातात, आणि दुधी कव्हर लावलं की काळ्या ग्रॅनाइटवर ते ठिपक्यांचं प्रतिबिंब पडत नाही, शिवाय कव्हर पुसता येतं. प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, भिंतीकडे नाही, भिंतीकडे लावलं तर टाइल्स चमकतात आणि विळी-सुरी अंधारात. कापलेल्या प्रोफाइलची कड कानशीने घासा, ती धार वायरीचं आवरण सोलते आणि मग तो गूढ शॉर्ट सापडता सापडत नाही. शेगडीच्या बरोबर वर स्ट्रिप नको, तेवढा भाग मोकळा सोडून वायरीने उडी मारा, आणि ती वायर चिमणीच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

रंगाचं म्हणाल तर ४००० केल्विन आणि सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर. ६५०० वाली पांढरीफटक लावली की बांगड्याचे कल्ले ताजे आहेत की नाही हेच कळत नाही, सगळं दवाखान्यासारखं दिसतं. हे ज्याच्या त्याच्या आवडीवर, पण शंभर-दोनशे रुपयांसाठी सीआरआय सोडू नका.

बटण बंद केल्यावरही हलकीशी पेटत राहते? स्विच न्यूट्रलवर आहे किंवा बटणात छोटा इंडिकेटर दिवा आहे, न्यूट्रलवर असेल तर वायरमनला फेज स्विचमधून घ्यायला सांगा. ड्रायव्हर गुणगुणतो? पंख्याच्या रेग्युलेटरवर किंवा साध्या डिमरवर लावला असणार, डिमेबल लिहिलेला ड्रायव्हर नसेल तर तसं चालत नाही, डिमिंग हवं तर १२ व्होल्टच्या बाजूचा डिमर घ्या. हात हलवला की पेटणारा सेन्सर आपोआप चालू-बंद होतो? त्याच्या काचेवर तेलाचा थर बसलाय, नाहीतर खाली कुकरची वाफ त्याला हात वाटते, पुसा आणि शेगडीपासून लांब सरकवा. टच वाला त्यातल्या त्यात बरा.

शेवटी इन्व्हर्टरवाल्यांसाठी, कारण वादळात झाड पडलं की लाईट तासन् तास जाते आणि मग कुणाला तरी सुचतं की बॅटरी १२ व्होल्टची, स्ट्रिप १२ व्होल्टची, सरळ जोडू. नका जोडू. चार्ज होताना ती बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, स्ट्रिपचा करंट दीडपटीच्या वर चढतो आणि ती काही महिन्यांत जळते, हे झालं पैशाचं नुकसान. पण मध्ये फ्यूज नसताना ती वायर कुठे दबून शॉर्ट झाली तर एवढी मोठी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते, आणि तिथे एमसीबीही नसतो तोडायला. अंधारात ओट्यावर उजेड हवाच असेल तर ड्रायव्हरचा २३० चा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, वायरमनला तासाभराचं काम आहे.